नाकिबेनं माडावर काढलेली वर्षं

नाकिबे चिडका आहे असं सगळं नोनौती बेट म्हणतं. म्हणू दे. बावीस वर्षं, पहाटे एकदा आणि दिवस मावळताना एकदा, अनवाणी तीन माड चढून बघा आणि मग बोला त्याच्या स्वभावाबद्दल.

माडाच्या कामाला सुट्टी नसते. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, रोज दोन वेळा तासावीच लागते. दोन दिवस अंग चोरलं की ती सुकली, तिच्यातून ठिबकणारी गोड, न आंबलेली माडी बंद. आणि घरात तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना तीच लागते. बायका माडावर चढत नाहीत, ही रीत. चढणाऱ्यानं वर गेलं की मोठ्यानं गायचं, हीसुद्धा रीत. खाली कोणी बाई अंघोळ करत असेल तर तिला कळावं की वर पुरुष आहे. मग गळा चांगला असो की फाटका, ताप असो की दाढ दुखत असो, गायचंच.

वडील समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा नाकिबे सोळा वर्षांचा होता आणि वर्गात पहिला होता. राजधानीत, तारावाच्या मोठ्या शाळेत त्याची जागा नक्की झाली होती. बुरेमोआ काकांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, त्याच्या हातात सुरी ठेवली. म्हणाले, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी जा की."

ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. काकांचे दोन्ही मुलगे परदेशी जहाजांवर खलाशी. नाकिबेची धाकटी बहीण रोतिया मात्र शाळेत जात राहिली, कारण तिला घरी ठेवून माडाला काय फायदा? ती तारावाला गेली, तिथून फिजीला गेली, चार वर्षं शिकली, सरकारी खात्यात चिकटली. नाकिबे माडी आटवून काकवी करायचा, डबे भरभरून विकायचा. बहिणीचं बोटीचं तिकीट त्यातूनच निघालं. त्याचा त्याला राग नव्हता. खरंच नव्हता.

यंदा तारावाच्या शिक्षक महाविद्यालयानं शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी काही जागा काढल्या. अडतीस वर्षांच्या नाकिबेनं गुपचूप परीक्षा दिली आणि पास झाला! पत्र आलं, सोमवारी हजर व्हा. बोट गुरुवारी दुपारी, त्यानंतर पंधरा दिवस बोट नाही. पत्र घेऊन तो काकांकडे गेला.

"मास्तर होणार?" काका हसून हसून खोकले. "मिशा पिकायला लागल्या की रे! आणि माड कोण चढणार, मी?"

"माड सुकू देत, काका."

"आणि तुझी आई? माडी पोटात गेल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. म्हातारीच्या तोंडचं काढून घेणार का तू?"

इथे नाकिबेनं पत्राची घडी करून खिशात घातली. आई म्हटलं की तो नेहमीच माघार घ्यायचा, आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी गावाच्या मानेआबात, म्हणजे झावळ्यांच्या छपराच्या सभाघरात, सभा भरली. चटयांवर प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली, पुढे म्हातारे, बोलायचा हक्क त्यांचा. नाकिबे काकांच्या पाठीमागे बसला. बोलायला उभी होती रोतिया. सरकारी कामावर आली होती, हातात मोठा तक्ता.

"आपल्या मुलग्याच्या वाट्याला सरासरी उच्च शिक्षणाची किती वर्षं येतील, असा हा हिशोब आहे," ती म्हणाली. "एक वर्षसुद्धा पुरं भरत नाही! मुली पुढे जातात. मुलग्यांना शिकायचंच नसतं. माडाखाली बसून पत्ते कुटायचे, झालं."

"आमचा नाकिबे खाली कुठे बसतो? तो वर बसतो!" कोणीतरी ओरडलं. सगळा मानेआबा हसला. रोतियाही हसली.

नाकिबे उठून उभा राहिला. काका पुढे बसलेले असताना पुतण्यानं उभं राहायचं, असं त्या छपराखाली आजवर झालं नव्हतं.

"बस खाली!" काका खेकसले.

"बसतो. आधी हिला विचारतो. रोतिया, फिजीतली तुझी चार वर्षं या कागदावर आहेत?"

"दादा, हे असं एकेका माणसाचं नसतं..."

"माझी किती आहेत ते सांग!"

ती हातातला तक्ता गुंडाळायला लागली.

"शून्य! तू फिजीत पुस्तकं वाचत होतीस तेव्हा मी तुझ्या तिकिटासाठी पोय तासत होतो. आणि आज इथे येऊन सांगतेस, मला शिकायचंच नव्हतं? लाज वाटत नाही तुला?" त्यानं खिशातलं पत्र काढून तिच्या पायाशी टाकलं. "वाच. उद्या दुपारी बोट आहे. माड तीन आहेत. चढतेस?"

रोतियानं पत्र उचललं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"तिला कशाला झापतोस?" काका म्हणाले. "आईचा विचार कर जरा."

"मला कशाला मध्ये घेता?" मागून, बायकांच्या रांगेतून आवाज आला. आईचा. "मी पाणी पिईन की."



"माडी नसली तरी माझं काही अडत नाही," ती म्हणाली. "कोणी विचारलंच नाही मला कधी. तो आणून द्यायचा, मी प्यायची."

नाकिबे तिच्याकडे वळला. "बावीस वर्षं, आई! बावीस वर्षांत एकदा तरी म्हणायचंस!"

"तू वर गायचास ना रे. एवढं मोकळ्या गळ्यानं. मला वाटायचं, पोरगा माझा सुखात आहे."

"गावं लागतं म्हणून गायचो!" तो इतक्या जोरात ओरडला की पुढचे म्हातारे दचकले. "रीत आहे म्हणून! सुखात? रोज वरून बोट जाताना दिसायची मला!"

आणि म्हाताऱ्यांकडे पाठ करून तो सरळ बाहेर चालता झाला. हा दुसरा अपराध. दंड काय करायचा तो करा म्हणावं.

गुरुवारी पहाटे तो शेवटचं माडावर चढला. पोयीला गुंडाळलेली दोरी सोडली, टांगलेली करवंटी काढली. आज गायला मात्र नाही. आई खाली येऊन उभी राहिली. झावळ्यांतून तिला काही दिसेना.

"नाकिबे, वर आहेस का रे?"

"नाही!" तो वरून गरजला. "मी बोटीत बसलोय!"