हळद न उतरलेला वैमानिक

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या गिरधरभाईंना माणूस नोकरीला ठेवायचं म्हटलं की सालदारच आठवायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवायचा, वर्षभर राबवायचा आणि पुढच्या आखाजीला हिशोब. त्यामुळे १९५१ सालच्या फाल्गुनात सारंगखेड्याच्या धुडकू पाटलांचा मुलगा नवल त्यांची मुलगी प्रमिला हिला पाहायला आला आणि 'मी विमान चालवतो' म्हणाला, तेव्हा गिरधरभाईंनी पान जुळवता जुळवता सरळच विचारलं.

"सालदारले आम्ही धान्य देतस, जोडा देतस, घोंगडी देतस. तुन्ही कंपनी काय देस?"

ओसरीवर बसलेली सगळी माणसं नवलकडे पाहू लागली. आतल्या दाराआड उभी असलेली प्रमिला पदर दातांत धरून कान देऊन ऐकत होती. गावात आठ दिवस या पाहुण्याचीच चर्चा चालली होती. कुणी म्हणे विमान त्याच्या मालकीचं आहे, कुणी म्हणे तो सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यावरून पडला होता, तो काय आकाशातून पडायचा राहणार आहे! आणि समोर बसला होता तो एक सडपातळ, कानाजवळ वस्तरा लागून कापलेला मुलगा. त्याला धड थापही मारता येत नव्हती.

"टोपी देस. गणवेशनं कापड देस," नवल म्हणाला. "शिलाई आपली, जोडा आपला."

"आनि घर?" हे भिकुबाईंनी विचारलं. भिकुबाई म्हणजे गिरधरभाईंची थोरली बहीण. घरातलं कुठलंही लग्न तिच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नसे.

"घर नही."

मग नवलने एकेक सांगायला सुरुवात केली. मुंबईहून भावनगर, जामनगर, भुज अशी विमानं नेणारी ही लहानशी कंपनी. सोरठ एअर सर्व्हिस तिचं नाव. तो नुकताच लागला होता. पहिलं वर्ष परीक्षेचं. वैमानिकांची एक यादी असते, तिच्यात त्याचं नाव सगळ्यांत खाली. वरच्यांनी आपापली कामं निवडली की उरेल ते खालच्याला. दिवाळीला वरचे घरी, खालचा विमानात. कुणी आजारी पडला की खालच्याला बोलावणं, मग तो जेवत असो की झोपलेला असो. डॉक्टर वरचेवर डोळे, कान, छाती तपासतो आणि त्यात नापास झाला तर विमान बंद. शिवाय विमानात दोघं बसतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे नवा माणूस.

"म्हनजे कासरा दुसराना हातमा!" गिरधरभाई म्हणाले.

"चाक दोघांसमोर ऱ्हास, काका. पण ते 'घे' म्हनतस तव्हयच मी धरस."

भिकुबाईंनी कपाळावर हात मारला. "आवं माय! हाऊ ते बदलीना सालदार शे!"

ओसरीवर हशा पिकला. धुडकू पाटील खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने सारवण उकरू लागले. पोराला त्यांनी बजावलं होतं, थोडं वाढवून सांग. आणि हा तर होतं तेसुद्धा कमी करून सांगत होता. बोलणी इथेच संपायची. पण प्रमिलाचं लक्ष भलतीकडेच होतं. हा माणूस रोज समुद्रावरून जातो आणि हे सगळे जोड्याचं विचारतात! तिला राहवलं नाही. दाराआडूनच ती बोलली.

"उजव्या बाजूले खिडकी ऱ्हास का?"

ओसरीवरच्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मुलीने प्रश्न विचारायची रीत नव्हती. नवलने मात्र मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"शे ना! समोर बी शे, बाजूले बी शे." आणि मग तो जो सुटला तो थांबेना. सकाळी खंबातच्या आखाताचं पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसतं. मिठागरं म्हणजे कुणी पांढरी चौकडीची चादर वाळत घातल्यासारखी. ढगात शिरलं की खिडकीबाहेर काहीच नसतं, तरी समोरचे काटे बघत सरळ जायचं. तो हातांनी दाखवत होता, समोरचा चहा थंड होत होता, आणि प्रमिला पदर सोडून कधी उंबऱ्यात येऊन उभी राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिच्या आईला, जसोदाबाईंना, मात्र कळलं. त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी पाहुण्यांसाठी गोड शिजवायला घेतलं. गोड शिजलं म्हणजे होकार, हे भिकुबाईंनी ओळखलं.

लग्न चैत्रात झालं. कंपनीने नवलला मोजकीच रजा दिली होती आणि तीही नाखुशीनेच. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद उतरवायची, आणि दुपारी वरात सारंगखेड्याला निघायची. अंगणात पाण्याचे हंडे तापत होते, तेवढ्यात शहाद्याचा तारवाला सायकल ढकलत मांडवात शिरला.

तार म्हटल्याबरोबर बायकांनी रडायचीच तयारी केली. नवलने ती फोडली, वाचली आणि मोठ्याने सांगितली. जागेवरचा माणूस तापाने पडलाय, उद्या सकाळच्या भावनगरच्या विमानाला हजर व्हा.

"उद्या? आते तुन्ही हळद बी उतरनी नही!" धुडकू पाटील ओरडले.

दुपारची गाडी नंदुरबारहून पकडली तरच उद्या पहाटे मुंबई. नवलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पहिल्या वर्षातला माणूस बोलावणं चुकवतो म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. धुडकू पाटलांनी लगेच निर्णय दिला. पोराने जावं. सुनेला आम्ही सारंगखेड्याला नेतो, सुट्टी मिळेल तेव्हा तो येईल.

"मी बी जास," प्रमिला म्हणाली.

भिकुबाई उठून उभ्या राहिल्या. "कठे जाशी? ऱ्हाशी कठे? त्याले घर शे का?"

"खोली शे," नवल घाईघाईने म्हणाला. "पार्ल्याले. एक म्हातारी बाईनी शे. आम्ही दोन गडी ऱ्हातस, पण सोबती जाई दुसरीकडे, मी सांगस त्याले."

भांडण पेटणार होतं, पण जसोदाबाई आत गेल्या आणि मुलीची ट्रंक घेऊनच बाहेर आल्या. "जाऊ द्या तिले," त्या नणंदेला म्हणाल्या. "हाऊ पुन्हा कव्हय येई ते त्याना कंपनीलेच माहीत नही. तिनी वाट देखत बसानं का?"

मग जी धावपळ उडाली! कुणी लाडू बांधून दिले, कुणी पाण्याची सुरई. हंड्यातलं पाणी तसंच वाफाळत राहिलं. बैलगाडी घुंगरं वाजवत वाळूतून तापीच्या काठाला लागली आणि पाठोपाठ निम्मं गाव धावत आलं. सुकराम नावाड्याने होडीत बसलेली माणसं उतरवून टाकली आणि आधी नवरा-नवरी घेतली. प्रमिलाचे हिरवे चुडे उन्हात चमकत होते. तिला रडू यायला हवं होतं. माहेर मागे सरकत होतं, आई काठावर उभी होती. रडू आलंही, पण त्याच्या मागून असं काही हसू फुटत होतं की तिने तोंड पाण्याकडे वळवलं.

पलीकडच्या काठावर दलसिंग नावाच्या चालकाची लॉरी उभी होती. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची घेऊन निघालेली. पुढे दलसिंग, त्याचा माणूस आणि एक म्हातारी, म्हणून नवरा-नवरी मागे मिरचीच्या पोत्यांवर. लॉरी हलली आणि दोघं जी शिंकायला लागली ती नंदुरबार येईपर्यंत थांबली नाहीत. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. मध्येच दोघं एकमेकांकडे बघत आणि हसण्यात आणखी एक शिंक येई. स्टेशनच्या फाटकातून पळत गेली तेव्हा गाडीने शिट्टी दिली होती. कुणीतरी हात देऊन ट्रंक वर ओढली, मग प्रमिलाला, मग नवलला.

सुरतेला गाडी बदलून मुंबईला पोचेपर्यंत नवलला झोप लागली नाही. पहाटे दादरला उतरून टॅक्सीने दोघं थेट सांताक्रूझच्या विमानतळावर. कंपनीच्या कचेरीत त्याचा गणवेश होता तो त्याने चढवला. प्रमिला बाहेरच्या बाकावर ट्रंकेला टेकून बसली. दार उघडं होतं. आत कॅप्टन मिस्त्री नावाचे एक जाडजूड पारशी गृहस्थ नकाशा पाहत उभे होते. त्यांनी नवलकडे पाहिलं आणि नकाशा खाली ठेवला.

"अरे, ताप पेलाने आव्यो छे के तने?" ताप त्याला आलाय की तुला? नवलचे डोळे मिरचीच्या पोत्यांसारखेच लाल होते आणि हात, मान, कानाच्या पाळ्या पिवळ्याजर्द. "आ तो कमळो छे!" कॅप्टन म्हणाले. कावीळ झालेल्या माणसाला मी शेजारी बसवणार नाही. दुसरा माणूस बघा.

नवल चाचरू लागला. जग बुडालं असा त्याचा चेहरा. एवढं धावत आलो आणि पहिल्याच वर्षात नावापुढे आजारी म्हणून खूण! बाहेर कॅप्टनची गुजराती प्रमिलाला एखाद्या पाहुण्यासारखी ओळखीची वाटली. तिच्या घरात बोलतात त्या बोलीची ती जवळची बहीण. ती उठली, दारात गेली आणि आपले दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत पिवळे, वर हिरवा चुडा.

"कमळो नथी, बापूजी," ती म्हणाली. "हळदर छे. परम दिवसे लगन थयां."

कॅप्टन मिस्त्रींनी तिचे हात पाहिले, नवलचे पाहिले, बाहेरची ट्रंक पाहिली. "परवा लग्न? आणि आज इथे?" मग ते एवढे मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतले कारकून जमा झाले. तरीही त्यांनी डॉक्टरांना बोलावलंच. डॉक्टरांनी नवलच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, दोन प्रश्न विचारले. "झोप सोडून बाकी सगळं ठीक आहे," ते म्हणाले. कॅप्टननी तोवर मागवलेल्या चहाचा मोठा पेला त्याच्या हातात दिला. मग बाहेर येऊन प्रमिलाला सांगितलं की नव्या माणसाच्या बायकोला विमानात न्यायची कंपनीची रीत नाही, वर्षभर थांबावं लागेल; पण कुंपणापासून सगळं नीट दिसतं.

आणि दिसलं! विमान होतं डकोटा, शेपटी जमिनीला टेकवून बसलेलं. पंखा आधी एकेक पातं मोजता येईल असा फिरला, धूर टाकला, आणि मग त्याचं नुसतं चकाकतं वर्तुळ झालं. प्रमिलाच्या पायाखालची जमीन थरथरू लागली. उजव्या खिडकीत तिला नवलची टोपी दिसली, त्याने इकडे पाहिलं नाही. कामात होता. विमान दूरवर गेलं, वळलं, धावत आलं, आधी शेपटी उचलली आणि मग सगळंच्या सगळं वर! प्रमिला कुंपणाची तार धरून एकटीच ओरडली, "गया! गया!" शेजारी उभा असलेला हमालही तिच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला.

संध्याकाळी नवल परत आला तेव्हा ती त्याच बाकावर होती आणि कंपनीतल्या निम्म्या माणसांनी तिचे लाडू खाल्ले होते.

ते पहिलं वर्ष नवलने सांगितलं होतं तसंच गेलं. दिवाळीला तो भुजला होता. एकदा जेवणाच्या ताटावरून उठून गेला तो तिसऱ्या दिवशी आला. प्रमिलाने पार्ल्याच्या खोलीत खांडोळीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी आणि भाकरी करून त्याच्या सोबत्यांना जेवू घातलं आणि कोण कुणाच्या वर, कोण खाली, ती सगळी यादी तिला तोंडपाठ झाली. वर्ष संपलं, नोकरी पक्की झाली आणि तिला पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं. सासरे धुडकू पाटील बरोबर होते. भावनगरपर्यंत म्हाताऱ्याने डोळे मिटले नाहीत आणि तोंडही मिटलं नाही.

१९५३ साली सरकारने सगळ्या कंपन्या एकत्र केल्या. यादी नव्याने झाली, आणि तिच्यात नवलच्या डोक्यावर पुन्हा पुष्कळ नावं आली. तो दोन दिवस तीच नावं मोजत बसला. प्रमिला म्हणाली, खालून वर जायचं आपल्याला आता येतं ना? मग झालं तर! तो गेलाही. वेळ लागला, पण १९६० साली तो डावीकडे बसला.

त्या पावसाळ्यात त्यांची बदली नागपूरला झाली होती. एका सकाळी नवलने एका नव्या मुलाला घरी नाश्त्याला आणलं. हिलाल त्याचं नाव, तोही तापीकाठचाच. आज त्याचं पहिलं उड्डाण. मुलगा ताटाकडे नुसता बघत होता.

"वहिनी, पहिल्या दिवशी काय करायचं असतं?" त्याने हळूच विचारलं.

"पोटभर जेवायचं," प्रमिला त्याच्या भाकरीवर लोणी घालत म्हणाली. "पुढचं जेवण कुठे मिळेल ते कंपनी सांगत नाही."

तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. मुलगा ताडकन उठला, अर्धी भाकरी तोंडात, अर्धी हातात, आणि नवलच्याही पुढे जिना उतरून पळाला. प्रमिला खिडकीशी धावली. पावसाळा असूनही आज आकाश स्वच्छ होतं, विमान घरातून दिसणार होतं.