दंडाची सोंगटी

अनगोळात आमच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. कॅरमचं त्याला लई वेड. बाजारात व्हिडिओ गेम आला, तो बघून येऊन मला म्हणाला, "आप्पा, हरल्यावर त्या मशीनचं तोंड पडत न्हाय. मग जिंकून काय उपेग?"

माझी बायको गेली तेव्हा मला अन्न जाईना. माणसं माझ्याशी दबक्या आवाजात बोलायची, मीच आजारी असल्यासारखी. हा मात्र कॅरम डोक्यावर घेऊन आला आणि पावडर टाकून समोर बसला. माझा नेम चुकला नि स्ट्रायकरच भोकात गेला. मला वाटलं, आज हा सोडून देईल.

"दंड हाय आप्पा. एक सोंगटी वर ठेवा."

मी चिडून त्याच्याशी भांडलो, लई भांडलो. त्या संध्याकाळी मला भूक लागली.