हातावरचा त्रेचाळीस

तो बँड मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. चार पुरुष, चौघंही माझ्यापेक्षा वयानं मोठे, केसांचा रंग मात्र माझ्या मुलीच्या वयाचा. एकाच चालीवर शब्द बदलून इतकी वर्षं गात आहेत. मी सौदीतल्या यान्बूच्या एका प्लांटमध्ये एकोणीस वर्षं टाक्यांमधलं तेल मोजतो. टाकीत तेल किती उंचीवर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहायचं आणि खाली सही करायची. त्यामुळे 'साधारण', 'जवळपास' आणि 'बघू' या शब्दांवर जगणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. आणि त्या बँडच्या मागे शहरोशहर फिरणारी माणसं याच तीन शब्दांवर जगतात.

आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जाणार, हे ठरलेलं. इथल्या आपल्या सगळ्याच मुलांचं असं असतं, बारावी झाली की घर सोडायचं. बारा वर्षांची असल्यापासून तिच्या कानात तो बँड. वर्गात तो ऐकणारा आणखी एकच मुलगा होता, तोही वडिलांची बदली झाली तसा हाइलला गेला. मग ही एकटीच. तिच्या खोलीच्या दाराला कान लावला तर ती कुणाशी तरी त्या गाण्यांवर वाद घालतेय असं वाटायचं. आत कुणी नसायचं, फोन असायचा.

बँडच्या दौऱ्यात रियाध आहे हे कळल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली. खुर्चीचं तिकीट नको, उभं राहायचं हवं, आणि स्टेजपुढच्या पहिल्या कठड्याला लागून उभं राहायला मिळायला हवं. यात हट्ट नव्हता, हिशेब होता. तिची उंची एकशे बावन्न सेंटीमीटर. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर मी खूण करतो, शेवटच्या तीन खुणा एकमेकींवरच पडल्या आहेत. पहिल्या कठड्याला असली तर तिला सगळं दिसणार, चार रांगा मागे असली तर माणसांच्या पाठी. इतकं स्वच्छ गणित तिनं मांडल्यावर मला नाही म्हणता येईना. तिला उभं राहायचं तिकीट काढलं, आम्हा दोघांना वरच्या खुर्च्या.

गुरुवारचा कार्यक्रम. बुधवारी निघालो. माझ्या मीटरवर एक हजार चाळीस किलोमीटर. मदिनेच्या अलीकडे आमच्यासारख्या मुसलमान नसलेल्यांनी बाहेरून जायचा फाटा लागतो, तिथे नेहमीप्रमाणे वळलो. बायकोनं तीसेक पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. रियाधमध्ये काय खायला मिळत नाही, असं मी म्हटलं नाही. तीन जणांना तीस पोळ्या का, एवढं विचारलं. ती म्हणाली, "अहो, पंगतीतसुद्धा पानं मोजणारे तुम्ही. पोळ्या तरी सोडा."

गुरुवारी सकाळी सहाला स्टेडियमबाहेर पोचलो, तर आमच्याआधी बेचाळीस माणसं. दरवाजे दुपारी चारला उघडणार होते. म्हणजे दहा तास. पण ही रांग नुसती उभी राहायची नव्हती. तिची एक यादी होती आणि ती यादी ठेवणारी, स्वतःच स्वतःला नेमलेली दोन माणसं होती. एक बाई, दुबईत नोकरी करणारी, बोलणं हिंदीत, चाळिशीच्या आसपासची, आणि तरी मला अंकल म्हणणारी. दुसरा पन्नाशीचा टकला गृहस्थ, कोपरापर्यंत कापडी पट्टे बांधलेला. प्रत्येक पट्टा एका कार्यक्रमाचा. बाई आलेल्या प्रत्येकाच्या हातावर जाड काळ्या पेनानं आकडा लिहायची. मुलीच्या डाव्या हातावर लिहिलं त्रेचाळीस. कठड्याला साठ माणसं मावतात, असं टकल्यानं सांगितलं. मुलगी तो हात शरीरापासून लांब धरून चालायला लागली, ओली मेंदी असल्यासारखी.

मधून मधून हजेरी होणार, असं बाईनं सांगितलं. हजेरीला नसाल तर आकडा गेला, नवा आकडा शेवटी. मी विचारलं, हजेरी किती वाजता. ती म्हणाली, "दो-ढाई घंटे में एक बार, अंकल, देखते हैं." मी म्हटलं, दोन की अडीच? ती हसली. मी हसण्यासारखं काही विचारलं नव्हतं.

त्या दहा तासांत मी त्या माणसांकडे पुरेसं बघितलं. एकमेकांना भेटल्यावर ते नाव विचारत नाहीत, कितवा कार्यक्रम हे विचारतात. माझा अकरावा, माझा सतरावा. शर्टाच्या पाठीवर दौऱ्यातल्या शहरांची यादी, एसटीच्या वेळापत्रकासारखी, आणि जिथे जाऊन आले तिथे पेनानं बरोबरच्या खुणा. एकाची रजा संपली होती आणि त्यानं ऑफिसात पाठदुखी कळवली होती. हे तो मोठ्यानं सांगत होता आणि ऐकणारे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. टकला एकतिसाव्या वेळी ऐकायला आला होता. मी त्याला सरळ विचारलं, तिसाव्यात आणि एकतिसाव्यात फरक काय? तो गंभीरपणे म्हणाला की मागच्या शहरात चौथं गाणं सहावं घेतलं होतं. मी वाट बघितली. तेवढंच होतं. एवढा फरक बघायला माणूस विमानानं येतो. आमच्याकडे टाकीत तेवढा फरक पडला तर मी पुन्हा वर चढतसुद्धा नाही.

आणि यादी. एवढ्या अभिमानाची ती यादी मी बाईच्या खांद्यावरून पाहिली. अठ्ठ्याऐंशी दोनदा. एकशे चारनंतर एकदम एकशे सहा. मी दाखवलं तर टकला म्हणाला, "चलता है, सर." माझी मुलगी मात्र त्यांच्यात बसून हसत होती. सहा वर्षं बंद दारामागे जे बोलत होती ते ती उघड्यावर बोलत होती, आणि पाठदुखीवाला तिच्याशी वाद घालत होता. घरी आम्हाला इंग्रजीत दोन शब्दांची उत्तरं देणारी मुलगी इतकी बोलते, हे मला तिथे कळलं. बायको म्हणाली, बघा. मी बघत होतो. हीच माणसं मिळायची होती का, असं मला वाटत होतं.

दहा वीसला एक हजेरी झाली. मुलगी हजर. अकरा पन्नासच्या सुमारास दुपारची अजान झाली आणि रांगेतली बरीच माणसं उठून नमाजला गेली. आता यापुढची चूक माझी आहे, त्यांची नाही.

मी या देशात आलो तेव्हा अजान झाली की दुकानांची शटरं खाली यायची. हातात दुधाची पिशवी असली तरी बाहेर थांबायचं. बँक, दवाखान्याची खिडकी, पंप, सगळं अर्धा तास बंद. आम्ही बायकापोरांसकट आयुष्य त्या अर्ध्या तासांभोवती बसवलं. दुकानं आता बहुतेक उघडी राहतात, मलाही माहीत आहे. पण प्लांटमध्ये दुपारच्या नमाजला काम आजही थांबतं, आणि आम्ही डबे तेव्हाच उघडतो. एकोणीस वर्षं. त्या दिवशीही मी घड्याळ बघितलं आणि मुलीला म्हणालो, "चल, जेवून घेऊ. अर्धा तास आता काही हलणार नाही."

ती म्हणाली, हजेरी? मी म्हटलं, नमाजच्या वेळी हजेरी कोण घेईल? शिवाय दहा वीसला झाली, दोन तास धरले तरी बारा वीस. तिनं माझ्या हिशेबावर विश्वास ठेवला. लहानपणापासून तिनं माझ्या हिशेबावर विश्वास ठेवलेला आहे.

गाडी चारशे पावलांवर होती. आम्ही पोळी-भाजी खाल्ली. बारा सोळाला परत आलो तर हजेरी होऊन गेली होती. एकदम बरीच माणसं उठून गेलेली बघून यादीवाल्यांना वाटलं की दुसऱ्या दरवाजाला रांग लागतेय, आणि घाबरून त्यांनी बारा पाचलाच हजेरी घेतली. परदेशातून काल उतरलेली माणसं. दुबईत अजान झाली म्हणून रांग उठत नाही. दुपारी बाराला रियाधमध्ये माणसं कुठे जातात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीच्या नावावर रेघ. नवा आकडा दोनशे बारा.

तेवढ्यात नमाजहून परतलेल्यांनी गोंगाट केला होता आणि तो रास्त होता. मग बाईनं नियम केला की नमाजला गेलेल्यांचे आकडे परत द्यायचे. आठ-दहा जणांना ती आकडे परत देत होती. माझी मुलगी पुढे जाऊन उभी राहिली. डावा हात पुढे केला. बाईनं तो त्रेचाळीस बघितला, यादी बघितली. सकाळपासून तिची हिच्याशी गट्टी झाली होती. तिनं हिला विचारलंच नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "अंकल, ये भी नमाज के लिए गई थी ना?"

त्या 'ना'मध्ये उत्तर तयार होतं. मी फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "नहीं. हम गाडी में खाना खा रहे थे. मैं लेकर गया था."

बाईनं माझ्याकडे असं बघितलं की एवढा मूर्ख माणूस तिनं कुठल्याच शहरात पाहिला नसावा. मग मुलीचा उजवा हात धरून तिनं दोनशे बारा लिहिलं. डाव्या हातावरच्या त्रेचाळीसवर काट मारायला गेली तेव्हा मुलीनं हात मागे घेतला.

मी यादीतल्या अठ्ठ्याऐंशीबद्दल बोललो, एकशे पाचबद्दल बोललो, हजेरीची वेळ ठरलेली नव्हती हेही बोललो. सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. टकला म्हणाला, "रूल है, सर." सकाळपासून ज्यांना एक आकडा नीट लिहिता आला नव्हता, त्यांना नेमका तेव्हा नियम आठवला.

बायको रांगेच्या कडेनं माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "मान हलवायला काय जात होतं?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या नमाजवर आपला नंबर लावायचा? ती म्हणाली, "ते मला कळतं. तिला तुम्ही जेवायला का नेलंत, ते सांगा."

कार्यक्रमाबद्दल मी काय सांगणार. आवाज खूप होता. मी वरून मुलीला शोधत राहिलो आणि हजारो काळ्या टाळक्यांमध्ये एकशे बावन्न सेंटीमीटर सापडत नाही. कठड्याला टकला मात्र स्पष्ट दिसला. त्याचं टक्कल दिव्यात चमकत होतं. बराच वेळ तो स्टेजकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. एकतिसाव्यांदा. त्याच्यामागच्या कुणाला तरी काहीही दिसत नसणार.

शुक्रवारी परत निघालो. मुलगी मागे, कानात काही नाही, बाहेर बघत. दोन्ही हात मांडीवर, दोन्ही आकडे वर. चारशे किलोमीटर झाले. साडेअकराच्या सुमारास पेट्रोल भरायला थांबलो, तर जुम्म्याच्या नमाजची वेळ. पंपावर कुणी नाही, दुकानाला कुलूप, सगळे शेजारच्या मशिदीत. इथे माझा जुना नियम लागू होता. मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, तासभर थांबायला लागेल.

मागून आवाज आला, "नक्की? हजेरी नाही ना घेणार?"

बायको हसली. मी हसलो नाही. मी मागे वळून म्हणालो की वेळेचा हिशेब माझा चुकला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. बाईला दिलेलं उत्तर मात्र चुकलेलं नाही.

ती म्हणाली, "दोन तास दहा मिनिटं. त्यात मला स्टेज चारदा दिसलं. मोजलंय मी."

"चारदा?"

"चौथ्यांदा पुढच्या माणसाच्या बुटाची लेस सुटली, तो वाकला म्हणून." मग म्हणाली, आणि हे ती इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाली, "तू खोटं बोलला असतास तर मला चाललं असतं, बाबा."

"मला नसतं चाललं."

"माहीत आहे. तिनं तुझ्याकडे बघितलं ना, तेव्हाच मला कळलं की गेला नंबर."

मी म्हटलं, उंच माणसांनी मागे उभं राहायचं, एवढी साधी व्यवस्था त्या लोकांना इतकी शहरं फिरून सुचलेली नाही. दहा तास यादी करतात ती आधी कोण आलं याची, कुणाला दिसणार नाही याची नाही. ती म्हणाली, "तू त्यांना लिहून पाठव." ती चिडवत होती. पण त्या माणसांचा पत्ता असता तर मी पाठवलं असतं. त्यांच्याबद्दल माझं मत होतं तेच आहे.

नमाज सुटली, पंपवाला आला. मुलगी उतरून नळाकडे गेली. मी पेट्रोलच्या आकड्याकडे लक्ष ठेवून होतो, तरी मला दिसलं. तिनं उजवा हात साबण लावून घासून घासून धुतला, दोनशे बारा जाईपर्यंत. डावा हात तिनं पाण्याखाली धरलाच नाही. तोंडही एका हातानं धुतलं.