पट्टी काळी चार

अन्याय माझ्या मामीवर झाला. गेल्या वर्षी, जयंतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी चार वाजता, विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत, आमच्या गायन मंडळाच्या तालमीत. करणारे मंडळाचे पेटीमास्तर. साक्षीला आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जण गप्प बसलो. त्यात टाळ धरून बसलेली मीही होते.

वाक्य एवढंच होतं: "वहिनी, आता तुम्ही झील धरत जा."

झील म्हणजे मागून साथ. पुढचा माणूस कडवं म्हणतो, मागचे त्याचे शेवटचे दोन शब्द उचलून ओढतात. मामी लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून पुढं बसून गात होती. जयंतीच्या कार्यक्रमात अंतरा चढताना तिचा आवाज फाटला, तोही माइकवर, अख्ख्या गावासमोर. मास्तरांनी त्याचा हिशोब तीन दिवसांत लावला. वय झालं, गळा गेला, मागं बसा.

मामी "बरं" म्हणाली. उठली, सतरंजीचं दुमडलेलं टोक पायानं सरळ केलं आणि मागं जाऊन बसली. मास्तरांनी पेटीचा भाता ओढला आणि पुढचं गाणं सुरू झालं.

मी पत्रकं लिहिते. बसथांब्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी, रेशनच्या वेळेसाठी. मेहकरला जाऊन झेरॉक्स काढते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. माझ्या पत्रकामुळे संध्याकाळची बस परत सुरू झाली असं मी सांगते. गाव म्हणतं ड्रायव्हर बदलला म्हणून झाली. असो. पत्रकाचा पहिला धडा असा की कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते पहिल्याच ओळीत लिहायचं, वाचणाऱ्याला शोधायला लावायचं नाही. पण त्या मंगळवारी मी काहीच लिहिलं नाही. तहसीलदाराविरुद्ध लिहायला मला दहा मिनिटं लागतात. ज्यांच्या ताटात आपण जेवलो त्यांच्याविरुद्ध कसं लिहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभरातच वावटळीनं पत्र्याची खोली उघडी केली. चार पत्रे उडून शेजारच्या नांगरलेल्या वावरात जाऊन पडले. ग्रामपंचायतीकडं अर्ज केला. गायन मंडळाला खोली देता येत नाही असं उत्तर आलं, तेही तोंडी. तेव्हा मंडळानंच ठरवलं की हॉल आपण बांधू. विहाराच्या बाजूची मोकळी जागा होतीच. वस्तीतले दोघं गवंडीकामाला जाणारे, एक जण वेल्डिंगचं दुकान चालवणारा. बाकीच्यांना हात होते.

रविवारी श्रमदान. आमच्याकडं काळी माती, तिच्यावर भिंत उभी करायची तर खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. पुरुषांनी खणलं, बायांनी टोपली वाहिली. मुरूम लागला तेव्हा मास्तर स्वतः खड्ड्यात उतरले, चिमूटभर मुरूम बोटांत चोळून पाहिला आणि मोठ्यानं म्हणाले, "लागला!" दोन शिफ्ट बस चालवून निवृत्त झालेला माणूस, कंबरेला पट्टा बांधून दर रविवारी यायचा. हे मी मुद्दाम लिहिते. मास्तर आळशी नव्हते, कपटी नव्हते. तसे असते तर माझं काम सोपं झालं असतं.

भिंती चढायला लागल्यावर तराईचं काम निघालं. तराई म्हणजे ताज्या बांधकामावर पाणी मारणं. ते रोज लागतं, रविवारची वाट पाहत नाही. ते मामीनं घेतलं. कोणी दिलं नाही, तिनंच घेतलं. सकाळी वावरात जायच्या आधी ती पाइप घेऊन छत नसलेल्या त्या चार भिंतींत उभी राहायची. मी नळ सोडायला आणि पाइपाची गाठ सोडवायला.

आणि ती गायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं गुणगुणते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उत्तरेच्या भिंतीवर पाणी मारत होती आणि एकदम अंतऱ्यावर गेली. जयंतीला फाटला होता तोच अंतरा. मी नळाला हात लावून तशीच उभी राहिले. आवाज वर गेला, भिंतीला लागला, परत आला, कुठंही चरा नाही. फाटायचं नाव नाही.

जोत्याच्या कडेला ढोलकीवाले आबा बसलेले होते. ते रोज सकाळी तिथं ऊन खायला यायचे. मी त्यांच्याजवळ गेले.

"आबा, मामीचा आवाज तर गेला होता ना?"

"कोन म्हनते?"

"मास्तर."

आबांनी चुन्याचं बोट तंबाखूवर घासलं. "आवाज नाही गेला वं. पट्टी चुकते. मास्तर वाजवते पांढरी एक. तुह्या मामीची पट्टी हाये काळी चार. तरनी व्हती तवा वढून न्यायची; आता वर गेली तं फाटते, खाली गेली तं बुडते. इथं पेटी नाही, म्हनून ती आपल्या जागी गाऊन राह्यली."

पेटीवरचं पहिलं पांढरं बटण म्हणजे पांढरी एक आणि चौथं काळं म्हणजे काळी चार. ज्या बटणावर गाणाऱ्याचा सा बसतो ती त्याची पट्टी. एवढं ज्ञान मला त्या सकाळी मिळालं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"ती नवी नवरी व्हती तवापासून."

"मग बोलले काऊन नाही?"

"मले कोन इचारते? मी ढोलकीवाला. पेटी जिथं म्हनन तिथं ढोलकी चढवतो."

मी खूप भांडले आबांशी. ते शांतपणे तंबाखू मळत राहिले. शेवटी म्हणाले, "तू लिवते ना? लिव मंग."

हॉल पुरा होत आला होता. पत्रे चढले, फरशी बसली, दार लागलं. उद्घाटन पौर्णिमेला, वंदनेनंतर. मास्तरांनी गाणाऱ्यांची यादी केली आणि त्यात मामी झीलमध्ये होती. नव्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी जो जिथं बसेल तो तिथंच राहील, हे सगळ्यांना कळत होतं. मामीलाही. ती यादी वाचून चुलीकडं वळली आणि भाकरी थापत राहिली.

त्या शनिवारी मी लिहिलं. ठळक अक्षरात, एका कागदावर:

"जाहीर. नव्या हॉलमध्ये पट्टी काळी चार राहील. एक इंचही वर-खाली चालणार नाही. कोणाची हरकत असल्यास सर्वांसमोर बोलावे."

कागद आतल्या भिंतीवर, दारासमोरच चिकटवला आणि मी तालुक्याला निघून गेले. रविवारी सकाळी सगळे झाडलोट करायला येणार, तेव्हा वाचतील, तोंड फुटेल, असा माझा डाव.

पण मधे माझा मावसभाऊ आला. तो दुसरबीडला असतो, पेंटर आहे. रंगकामाचं श्रमदान त्याच्याकडं होतं. तो शनिवारी दुपारीच पोहोचला. हॉलवर कोणी नव्हतं. त्यानं मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, "काय करायचं ते भिंतीवर लिहून ठेवलं हाये, वाच आन् कर." त्यांनी खडूनं कोपऱ्यात लिहिलं होतं: आत आकाशी, बाहेर पिवळा. भावानं तेही वाचलं. आणि मग माझा कागद वाचला.

रविवारी सकाळी मी परतले, सगळ्यांसोबत दार उघडलं तर आकाशी भिंतींवर, छातीच्या उंचीला, चारही बाजूंनी फिरवलेल्या चार काळ्या पट्ट्या. एकीखाली एक. सरळ, दोरी लावल्यासारख्या. खरोखरच दोरी लावली होती.

मग एक बाई म्हणाली, "अवं माय, हे काय शाळेचा फळा हाये का?"

"जेलखाना दिसते," दुसरी म्हणाली.

भाऊ ब्रश धूत होता. तो चिडलाच. "मला कशाला बोलायलात? कागदावर लिहिलंय ना, पट्टी काळी चार. मी लेव्हल लावून मारली. एक इंच वर नाही, एक इंच खाली नाही. बघा मोजून!"

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग भिंतीला टेकून परत हसले. ज्यांना पट्टी कळत होती ते हसले, ज्यांना कळत नव्हती ते त्यांना पाहून हसले. मामी दारात खराटा घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. ती मास्तरांकडं पाहत होती.

रंगवताना भावानं काढून ठेवलेला माझा कागद मास्तर हातात धरून वाचत होते. दोनदा वाचला असावा.

"हे कोनं लिवलं?"

"मी," मी म्हणाले.

"तुले सुराचं काय समजते वं पोरी?"

"काहीच नाही. आबांना समजतं."

आबांचं हसू थांबलं. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "खरं हाये, मास्तर. तिची पट्टी काळी चार हाये. मले मालूम व्हतं. तुले बी मालूम व्हतं."

मास्तर खाली बसले. नव्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून, तर पट्ट्या बरोबर त्यांच्या डोक्यावरून जात होत्या. मी मनात चार मुद्दे तयार ठेवले होते. अहंकार, मक्तेदारी, बाईला मागं ढकलणं, चौथा आता आठवत नाही. ते म्हणाले:

"मले काळी चार वाजवता येत नाही."

मग स्वतःची बोटं पाहत: "कोनत्या शाळेत गेलो व्हतो मी? डेपोत बसून, रेडिओ ऐकून बोटं बसवली. ती एकाच जागी बसली. पांढरी एक सोडली का मले काहीच दिसत नाही. आंधळ्यावानी होते."

म्हणजे एवढी वर्षं अख्ख्या मंडळाचा गळा एका माणसाच्या दहा बोटांना बांधलेला होता, आणि तो माणूस ते लपवून बसला होता. पट्टी सरकवता येणाऱ्या पेट्या मिळतात. आमची साधी आहे. मला मास्तरांचं वाईट वाटलं. राग मात्र होता तिथंच होता.

मामी खराटा टेकवून आत आली. "भाऊजी, मी बुलडान्याले जाऊन डाक्टरले गळा दाखवून आली. महिनाभर मिठाच्या गुळण्या केल्या. रोज सकाळी अन् रोज झोपताना. तुमी एक डाव सांगतलं असतं का माहे बोटं चालत नाही, तं मी हासली असती का तुमाले?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली.

"पौर्णिमेले मी पुढं बसन," मामी म्हणाली. "पेटी बंद ठिवा. आबा, ढोलकी काळी चारले चढवा."

"हाव," आबा म्हणाले. ते एकदम तरुण दिसायला लागले.

भाऊ म्हणाला, "मग या पट्ट्या? दोन हात मारले की जातील."

"हात लावून तं पाह्य," मामी म्हणाली.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली. आबांनी ढोलकीच्या कड्या सरकवून सूर लावला. मामी पुढं बसली, पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि आकार लावला. मास्तर यायचे नाहीत असं काहींचं म्हणणं होतं. ते आले. पेटी समोर ठेवली, तिच्यावरचं फडकं तसंच.

पहिलं कडवं नुसत्या ढोलकीवर झालं. नवे पत्रे थोडे घुमत होते, भिंती अजून ओल्या वासाच्या. अंतरा आला. मला जयंती आठवली आणि मी खाली फरशीकडं पाहिलं. आवाज चढला आणि चढतच राहिला, पाणी मारताना चढायचा तसा.

दुसऱ्या कडव्याला खालून काहीतरी भरून आलं. मी वर पाहिलं. मास्तरांनी फडकं काढलं होतं. डाव्या हातानं भाता आणि उजव्या हाताचं एकच बोट. चौथ्या काळ्या बटणावर. ते गाणं संपेपर्यंत त्यांनी ते बोट उचललं नाही, हलवलंही नाही. एकच सूर, तिच्या खाली धरून ठेवलेला.

आता ते तालमीला तासभर आधी येतात. आबांना समोर बसवतात, आबा "चुकलं" म्हणतात, ते परत वाजवतात. काळी चारमध्ये तीन गाणी बसली आहेत. बाकीच्या गाण्यांना एकच बोट. मामी पुढं बसते. मागच्या महिन्यात झीलमधल्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, माही पट्टी कोनती हाये?" तर मास्तरांनी पेटी तिच्याकडं वळवली आणि म्हणाले, "तू म्हन. आपन हुडकू." बाहेरून येणारे पाहुणे भिंतीकडं बघून विचारतात, या काळ्या पट्ट्या कशाच्या? आम्ही सांगतो.

तुमच्याही गावात मंडळ असेल. गाण्याचं, भजनाचं, नाहीतर नुसतं जयंतीपुरतं. तिथं मागच्या रांगेत एखादी बाई असेल, जिचा आवाज गेला असं सगळे म्हणतात. या आठवड्यात तालमीला जा. पेटी उघडू देऊ नका. तिला आधी सूर धरू द्या, तिच्या जागी, आणि मग पेटीवाल्याला सांगा तो शोधायला. त्याला येत नसेल तर त्यानं सगळ्यांसमोर तसं म्हणावं. आणि तुम्ही आम्हा अकरा जणांसारखे गप्प बसू नका.