महिन्याला चार युनिट

"बाई, माझंच घर हाय अन् मीच राहतो तिथं. अजून काय सांगू?"

बावणेबाबा माझ्या टेबलासमोर उभे होते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, हातात मीच पाठवलेली नोटीस. मी घरपट्टी विभागात इन्स्पेक्टर आहे. फटकळ आहे, आधीच सांगते.

"राहता, तर लाइटबिल एवढंसं कसं? महिन्याला चार युनिट! चार युनिटमध्ये माणूस राहतो होय?"

प्रकरण साधं होतं. मालक स्वतः राहतो त्या घराला आम्ही 'स्ववापराचं घर' म्हणतो. त्याला घरपट्टीत सवलत असते. घर भाड्यानं दिलं किंवा बंद ठेवलं की सवलत गेली. बाबांनी सवलतीचा अर्ज केला होता. मी दोनदा मुकुंदवाडीत व्हिजिटला गेले, दोन्ही वेळा सकाळी. दोन्ही वेळा कुलूप. मग लाइटबिल काढलं. मीटरवर माझा भारी भरवसा. 'मालक राहत नाही' असा शेरा मारला आणि मोकळी झाले.

"तुमच्या कागदानं पोराला आयतंच निमित्त मिळालं," बाबा म्हणाले. पोरगा म्हणजे संतोष, पुण्यात नोकरीला. "म्हणतो, ऑफिसच लिहून देतंय तुम्ही राहत नाय म्हणून. मग घर विकू, इकडं या. बाई, फ्लॅटात माझा जीव नाय रमत."

"मग सकाळी असता कुठं?"

"स्टेशनावर, बाकड्यावर. सकाळी घरात अंधार असतो ना. तुम्ही साडेतीनला या."

साहेबांना विचारलं. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही. "जाऊन या. पंचनामा करा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. पण मॅडम, तिसऱ्यांदा?"

"शेवटचं, साहेब."

साडेतीनला गल्ली पेंगत होती. दोन्ही बाजूंना तीन मजली इमारती आणि मधे चेपलेल्या बाबांच्या दोन खोल्या. खिडकी नाही. दार पश्चिमेला, त्यावर पुढं आलेला पत्रा. आत गेले तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. दाराला ओलं गोणपाट होतं, त्याचा गार वास येत होता.

"लाइट लावा ना बाबा."

"थांबा जरा."

गोणपाट बाजूला सारून, बाहेरच्या ओट्याच्या कडेला, पत्र्याच्या पलीकडं उन्हात, त्यांनी कपाटाचा जुना आरसा ठेवला. दोन बोटांनी हळूच कलता केला. एक कवडसा छतावरून पळत गेला आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर जाऊन बसला. आणि काय सांगू, सगळी खोली उजळली! कुठं झळ नाही, कुठं डोळ्यांना त्रास नाही. दुधात केशर पडावं तसा तो रंग. घडी घातलेली गोधडी दिसली, औषधाच्या बाटल्या दिसल्या, कॅलेंडरवर रोजच्या दुधाच्या खुणा दिसल्या. एक दिवस चुकलेला नव्हता.

"फर्दापूरला बिऱ्हाड होतं आमचं," बाबा म्हणाले. "अजिंठ्याच्या लेण्यात नोकरी. तवा आत लाइट नव्हते. बाहेरून आरशानं ऊन घ्यायचं, आत पांढऱ्या पडद्यावर टाकायचं. मग भिंतीवरची माणसं जागी व्हायची. लई वर्षं हेच केलं. पुढं लाइट आले, काम गेलं. हाताची सवय नाय गेली."

थोड्या थोड्या वेळानं उठून ते आरसा बोटभर सरकवत होते. ऊन पुढं जायचं, बाबा त्याला परत घरात घ्यायचे. मी फाइल मांडीवर घेऊन नुसती बसले होते. किती वेळ, कोण जाणे. ती दुपार संपूच नये असं वाटत होतं. आणि माझ्या त्या शेऱ्याची मला फार लाज वाटली.

शेजारच्या वहिनी सही करायला आल्या. "अहो मॅडम, बाबा राहत नाहीत असं कुणी लिहिलं? रोज बाबांनी आरसा काढला की मी चहा टाकते!"

कुणी लिहिलं ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंचनामा वाचला. "'मालक आरशाने घरात ऊन घेतो.' हे पंचनाम्यात?"

"जे दिसलं ते लिहिलं, साहेब. कॅलेंडरचा फोटोपण जोडलाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग सही केली.

सवलतीची ऑर्डर द्यायला मीच गेले, साडेतीनलाच. बाबांनी आधी आरसा लावला. मग संतोषला फोन लावून स्पीकरवर टाकला, चष्मा चढवला, चादरीजवळ सरकले आणि कागद उजेडात धरला.

"ऐक रे. 'मालक स्वतः राहतो.' शिक्का हाय खाली."



"बरं बाबा," संतोष म्हणाला. "दिवाळीला आम्हीच येतो तिकडं."

बाबांनी फोन ठेवला आणि तीच ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. आता ऐकायला मी एकटीच होते. माझे डोळे भरून आले.

तेव्हापासून कमी युनिटचं बिल दिसलं की मी एकदा सकाळी जाते आणि एकदा दुपारी. साहेब म्हणतात, पेट्रोल फार जातं. जाऊ दे.