कोरड्या मातीतलं उणे पाणी

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात सत्तेचाळिसाव्या पानावरचा तक्ता चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे मला टाइप करून घेतानाच माहीत होतं. इतकी वर्षं झाली, राग काही उतरत नाही. नेमका कुणावरचा, तेही मला नीट सांगता येत नाही. प्रयत्न करतो.

आमचं घर कळव्याच्या खाडीकाठचं. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध होता आणि तो सांभाळणं हे बाबांचं काम. उधाणाचं पाणी बांधाला टेकलं की बाबा लोखंडी सळई घेऊन जात. माथ्यावरून ती मातीत खुपसायची, वर ओढायची, ओला चिखल जिथून लागला तिथे अंगठा धरायचा. अशा आठ-दहा जागी. बांधाच्या पोटात ओल कुठवर चढलीय ते त्यांना त्यावरून कळे. शेताकडच्या बाजूला ती फार वर दिसली तर दुसऱ्या दिवशी तिथे माती पडलीच पाहिजे.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. कल्याणच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी मला प्रबंधाला विषय दिला तो मातीच्या धरणातून पाझरणाऱ्या पाण्याचा. मला इतका आनंद झाला की सरांना वाटलं मला विषय कळलाच नाही. त्यांनी एका इंग्रजी लेखाचं झेरॉक्स दिलं. पाचव्या पानापर्यंत त्यावर सरांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. पद्धत सातव्या पानावर होती.

पद्धत अशी. बांधाचा उभा छेद चौकटीच्या कागदावर काढायचा. प्रत्येक घरात एक संख्या, त्या जागेपासून वरच्या सगळ्या पाण्याच्या दाबाची बेरीज. ओल जिथे संपते तिथे शून्य. अडचण ही की ओल कुठे संपते हेच आधी माहीत नसतं. म्हणून प्रत्येक घराला दोनच वाटा. एक तर संख्या शून्याहून मोठी असते आणि तिला शेजारच्या घरांशी जोडणारं समीकरण तंतोतंत बसतं, नाहीतर संख्या शून्य असते आणि समीकरणाला थोडी सूट मिळते. याला कॉम्प्लिमेंटॅरिटी म्हणतात. सोडवायचं कसं, तर शेजारच्या चार घरांची सरासरी काढायची, त्यातून एक ठरलेली संख्या वजा करायची, उत्तर शून्याखाली गेलं तर तिथल्या तिथे शून्य लिहायचं आणि त्या शून्यासकट पुढच्या घराकडे जायचं. आकडे हलायचे थांबेपर्यंत सगळा तक्ता पुन्हा पुन्हा.

मागून आणलेल्या कॅल्क्युलेटरवर मी तो दीड महिना केला. मग बांधावर जाऊन कागदावरची रेघ बाबांच्या अंगठ्याशी ताडून पाहिली. चार बोटांचा फरक होता. बांधाची माती सगळीकडे सारखी नव्हती, तेवढा पडणारच. बाबा म्हणाले, "कागद बरा सांगतो रं."

आकडेमोडीची वही घेऊन मी स्टाफरूममध्ये गेलो.

"ही शून्यं कुठून आली?" सरांनी विचारलं.

"सर, तिथे उणे येत होतं, म्हणून..."

"म्हणून शून्य लिहिलंस? वा! उद्या नापास झालास तर तिथे पास लिही." बाकीचे सर हसले.

"सर, तुम्ही दिलेल्या झेरॉक्समध्ये..."

"माझंच झेरॉक्स मला शिकवू नकोस. मी मुंबईला ओळखीने तुझी समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवून आणलीत. हे बघ, एकोणीस घरांत उणे. कॉम्प्युटर चुकला आणि तू बरोबर?"

कॉम्प्युटर चुकला नव्हता. त्याला जे विचारलं तेच त्याने सोडवलं होतं. सगळ्या घरांत समीकरण बसवा, कोरड्या मातीतसुद्धा. सरांनी प्रश्नच चुकीचा विचारला होता. हे वाक्य मला आज लिहिता येतं. तेव्हा मी चपलेकडे बघत उभा होतो.

"हा तक्ता टाइप कर. नाहीतर मी सही करत नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष आमच्या घरात नव्हतं. धाकटी बहीण बारावीत होती आणि माझं काय होतं ते बघून तिचं ठरणार होतं. डोंबिवलीच्या टायपिस्टबाईंनी विचारलं, "ही उणे चिन्हं नीट बघितलीस ना रे? मागाहून मी खोडून देणार नाही हं." मी म्हटलं, बघितली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं. "हे काय? पाण्याचा दाब उणे? इथे शून्य नको का?"

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी सांगितलं होतं याला."

जुनी वही माझ्या पिशवीत होती. नुसता हात घालायचा होता.

"चुकलं," मी म्हटलं.

मग सरांनीच खिशातलं पेन काढलं, एकोणीस आकडे खोडले आणि एकोणीस शून्यं लिहिली. "झालं." परीक्षकांनी मान हलवली. चहा आला. आणि ते तर आणखी चूक होतं! प्रत्येक उणे आकड्याने शेजारच्या घराला खाली ओढलेलं असतं, त्या घराने त्याच्या शेजाऱ्याला. नंतर शून्यं चिकटवून ती घरं वर येत नाहीत, सगळा तक्ता पुन्हा करावा लागतो. त्या पानावरची ओल खऱ्या ओलीपेक्षा खालीच राहिली होती. त्यावर विसंबून कुणी बांध बांधला तर माती कमी पडेल.

"सर, नुसती शून्यं लिहून..."

"बस आता. पास करतोय ना?"

"हो सर."

घरी आलो तेव्हा ओहोटी होती. बाबा बांधावर सळईला लागलेला चिखल खरवडत होते.

"झाला?"

"झालं. पास."

"तुझ्या कागदान ओल कवर हाय?"

"कुठल्या कागदात?"

"कागद किती हायत?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे उणे आकड्यांपर्यंतचं. ते थांबले. "सुक्या मातीन पानी उना कसा असल रं? नसला तं नसला." मग म्हणाले, "ता सरला सांगलास?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"मंग बेस," म्हणाले, आणि पुन्हा सळई खरवडायला लागले.