गव्हाणीवरचा लाल दोर

केडुंगसारीच्या साखर कारखान्यात भुताखेतांना भिणारी माणसं पुष्कळ होती. यू कार्सिना भुतांना भीत नसे. ती भ्यायची साहेबाच्या कपाळावरच्या आठीला. तिकडे आठी पडली की इकडे हिच्या पोटात गोळा आलाच म्हणून समजा. आणि खरं सांगायचं तर ह्या बाबतीत सगळा कारखानाच तिच्या जातीचा होता. बाकीचे ते भय हसून झाकायचे, हिला झाकता यायचं नाही, एवढाच काय तो फरक.

यू म्हणजे थोरली बहीण. कारखान्यात सगळेच तिला यू म्हणत, पण खरीखुरी थोरली ती एका तुकिजानची. आई गेली तेव्हा तो रांगत होता. हिनं त्याला कमरेवर बांधून वाढवलं, पुढं हिचा नवरा वारला, पोटी काही झालं नाही, तेव्हा भाऊ म्हणा, लेकरू म्हणा, तोच एक. आता तो चांगला मिशाळ बाप्या झाला होता, मिलच्या रोलरना तेल-ग्रीस घालायच्या कामावर होता, तरी घाम पुसायला गळ्यात टॉवेल टाकून हिंडायची लहानपणची खोड सुटली नव्हती. ही स्वतः गव्हाणीवर बसायची. ऊस पट्ट्यावरून मिलकडं सरकत असताना त्यातले दगड, मुळ्या, लोखंडाचे तुकडे वेचून काढायचे, हे तिचं काम. आणि आईकडून आलेलं दुसरं एक काम होतं. दर गुरुवारी संध्याकाळी मिलच्या यंत्रांना मोगरा, गुलाब आणि चाफा वाहायचा, ऊद जाळायचा. मशिदीतले गुरुजी नाक मुरडायचे, पण हंगामाच्या आधी दुवा करायला तेच पहिले हजर असायचे.

आदल्या वर्षी कारखान्यावर मोठं संकट आलं होतं. मिलचं मोठं दातेरी चाक फुटलं आणि ऐन हंगामात सगळं ठप्प झालं. रांगेतल्या गाड्यांवर ऊस वाळून गेला. चौकशी झाली तेव्हा कळलं, चाकातून कटकट येते हे निदान दहा जणांना ठाऊक होतं. तेलवाल्यांना ठाऊक होतं, फिटरला होतं, मुकादम सुकार्दींनाही होतं. पण वरच्याला वाईट बातमी कोण सांगणार? साहेब विचारायचे, सगळं ठीक? आणि सगळे अदबीनं मान लववून म्हणायचे, ठीक. लववा मान! चाकाला काय कळतंय तुमची अदब.

मग सुराबायाच्या मुख्य कचेरीनं नवे मॅनेजर पाठवले, बापाक हेन्द्रात्मो. बापाक म्हणजे वडीलधारं माणूस, साहेबाला तसंच म्हणायची रीत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. जपानात जाऊन शिकून आला होता, डोक्यात नवं करायचं वारं होतं, आणि आणखी एक हंगाम असा गेला तर कारखान्याला कुलूप लागणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं गव्हाणीजवळच्या खांबाशी एक लाल दोर सोडला. वर मिलचा खटका, खाली हा दोर. सगळ्यांना गोळा करून तो म्हणाला, "ज्याला काही वावगं दिसेल त्यानं हा ओढायचा. मग तो झाडूवाला असो नाही तर फिटर. मिल जागच्या जागी थांबेल. मला विचारायचं नाही, मुकादमाला विचारायचं नाही. ओढणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही."

सगळ्यांनी माना लववल्या. माना लववताना एकमेकांकडं चोरून पाहिलं. साहेबाला न विचारता साहेबाची मिल बंद पाडायची? पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेण्यातली गत. यू कार्सिना तर दोन पावलं मागंच सरली, कारण दोर नेमका तिच्या डोक्याशी लोंबत होता.

चार दिवसांनी उसाचं लग्न लागलं. दर हंगामाला लागतं तसंच. दोन सरळसोट उसांना नवरा-नवरीचे मुखवटे आणि कपडे चढवले, वाजतगाजत मिरवत आणून गव्हाणीत घातले, पहिला रस निघाला. आणि ह्या वर्षी नवा दोर आला आहे, तो कोराच कसा ठेवायचा? यू कार्सिनानं मनापासून मोगऱ्याची लांब माळ गुंफली होती, ती दोराला गुंडाळली. गुरुजींनी फुलांचं पाणी शिंपडलं, दोराखाली पिवळ्या भाताची मूद ठेवली, ऊद लावला. बापाक हेन्द्रात्मोंना आनंद झाला. लोकांनी नवी गोष्ट आपली मानली, असं त्यांना वाटलं असणार. दोराशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले, कार्सिनाला मुद्दाम बोलावून म्हणाले, छान झालंय. ती तरंगतच घरी गेली.

इथं घोळ झाला. त्या दिवसापासून दोर देवाचा झाला. जाता-येता लोक त्याच्यापुढं वाकायला लागले. कोणी चुकून खांदा लावला तर माफी मागायला लागले. दर गुरुवारी जुन्या माळेवर नवी माळ चढायला लागली. मिलच्या हादऱ्यानं दोर हलायचा आणि फुलं गव्हाणीत गळायची. वाहिलेलं फूल चिरडलं गेलेलं बरं नव्हे, म्हणून कार्सिनानं सुतळीनं दोर खांबाला आवळून टाकला. नीटनेटकं दिसायला लागलं. मुकादम सुकार्दींनी मान डोलावून शाबासकी दिली.

एकदा मारवोतो नावाच्या गड्याला पट्टा एका बाजूनं उसवताना दिसला. तो धावत दोरापाशी आला, फुलांकडं पाहिलं, हात जोडले आणि मुकादमाला शोधायला गेला. मुकादम चहाला गेले होते. येईपर्यंत पट्टा फाटून बसला; वर कळवलं, पट्टा जुना होता. संध्याकाळी जो तो म्हणाला, मारवोतो मोठा रीतीचा मुलगा, आततायीपणा केला नाही. कार्सिनाही तेच म्हणाली. पण म्हणताना तिच्या मनात काहीतरी चरकलं. त्या रात्री तुकिजान जेवायला बसला, तेव्हा ती त्याच्या हाताकडं पाहत राहिली. ग्रीसनं काळे झालेले, तिखटाची वाटी धरलेले ते हात.

"काय बघतेस, यू?"

"काही नाही. तो टॉवेल काढून ठेवत जा कामावर."

"आता मला नातू व्हायचे दिवस आले, तरी तू माझं नाक पुसणार का?" तो हसला. ती हसली नाही.

तेव्हापासून भीतीनं तिच्या मनात घरच केलं. दोराखाली बसायचं आणि दोराकडं बघायचं नाही, अशी तिची कसरत चालायची. आपण काहीतरी बिघडवून ठेवलंय हे तिला आतून कळत होतं. सांगायचं कोणाला? सुतळी सोडावी तर मुकादम विचारणार, का सोडली. मुकादमानंच तिला नवऱ्याच्या मागं ही नोकरी दिली होती, वसाहतीतली खोली राखली होती. बापाकांना सांगावं तर त्यांनी फुलांची तारीफ केलेली. उद्या सांगू, म्हणत ती गप्प बसली. बापाक मात्र खूश होते. हंगाम निम्मा सरला, एकदाही दोर ओढायची वेळ आली नाही, म्हणजे सगळं सुरळीत, असं त्यांनी मुख्य कचेरीला कळवून टाकलं. सुरुवातीला त्यांनी एकदोनदा मुकादमाला विचारलं होतं म्हणे, खरंच काही नाही ना? मुकादम म्हणाले, सगळं ठीक आहे, बापाक.

मग ही नवलाई बघायला सुराबायाहून पाहुणे आले. भर दुपारची वेळ होती. समोरच्या कठड्यापाशी पाहुणे, मधे बापाक, हातवारे करून समजावत होते. तेवढ्यात दोन रोलरांमधल्या पट्ट्यात चिपाड तुंबलं. मिल थांबवून काढायचं, हा नियम. पण पाहुण्यांसमोर मिल थांबवायची म्हणजे साहेबाची अब्रू काढायची. मुकादम सुकार्दींनी चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता तुकिजानला अंगठ्यानं खूण केली, खाली जा, हळूच मोकळं कर. तोही हसत मान लववून चालत्या पट्ट्याखाली शिरला. कोणाच्या लक्षात आलं नाही. गव्हाणीवरून तेवढं कार्सिनाला दिसलं.

त्याच्या गळ्यात टॉवेल होता.

तिनं हाक मारली, ती मिलच्या घरघराटात तिलाच ऐकू आली नाही. टॉवेलचं टोक पट्टा ओढणाऱ्या साखळीत गेलं. तुकिजाननं एक हात टॉवेलला घातला, मग दुसरा, आणि मान खाली खाली जायला लागली. पुढं रोलर फिरत होता. कार्सिना उभी राहिली. दोर हाताशी होता आणि हात वर जाईना. तिनं बापाकांकडं पाहिलं. ते हसत होते. पाहुणे हसत होते. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळीही तिच्या मनात आलं ते हेच, की साहेब काय म्हणतील. मग तिनं दोराची माफी मागितली आणि ओढला.

दोर हलला नाही.

सुतळी! स्वतःच्या हातांनी मारलेल्या गाठी. तिनं नखं घातली, नखं तुटली. वाळक्या माळांचे थरच्या थर होते, गाठ सापडेना. तिनं तोंड घातलं, फुलं, सुतळी, जे आलं ते दातांनी फाडलं. तोंडात मोगऱ्याचा कडूपणा आणि रक्त. सुतळी तुटली. ती सगळ्या अंगानं दोराला लोंबकळली.

मिल थांबली. इतकी शांतता कारखान्यात हंगामात कधी कोणी ऐकली नव्हती. त्या शांततेत तुकिजानचं ओरडणं ऐकू आलं, आणि ते ऐकून ती रडायला लागली, कारण ओरडतो आहे म्हणजे जिवंत आहे. मान वाचली होती. उजवा हात गेला, मनगटापासून. दोर पहिल्या ओढीला हलला असता तर तोही राहिला असता, असं फिटर नंतर बोलून गेला, आणि तिनं ते ऐकलं.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मुकादम सुकार्दी पाहुण्यांची माफी मागत फिरत होते, खोळंबा झाल्याबद्दल. बापाक हेन्द्रात्मो खांबापाशी आले. खाली पडलेली चावलेली सुतळी त्यांनी उचलली. 

"हा बांधला कोणी?"

सगळ्यांच्या नजरा जमिनीला. कार्सिना पुढं झाली.

"मी बांधला, बापाक."

"अगं, मग हे मला इतके दिवस कोणीच का नाही सांगितलं?"

तिला खरं तर माफी मागायची होती. जन्मभर तेच करत आली होती. पण तोंडातून निघालं ते असं, "तुम्हाला फुलं आवडली होती, बापाक."

ते तिथंच पायरीवर बसले, पाहुण्यांसमोर, इस्त्रीच्या पँटीनं, ग्रीसमध्ये.

पुढच्या हंगामाला पुन्हा उसाचं लग्न लागलं. बापाक होते, कारखानाही होता. मुकादम निवृत्त झाले होते, पण मानानं पुढच्या रांगेत बसले होते. मिल सुरू झाली, रस निघाला, आणि तुकिजान गर्दीतून गव्हाणीपाशी आला. टॉवेल नव्हता. डाव्या हातात मोगऱ्याची माळ होती.

"ह्याच्यामुळं मी आहे, यू. एवढी तरी वाहू दे."

कार्सिनानं माळ हिसकावून घेतली. "ह्याच्यामुळं नाही. ओढल्यामुळं. ओढ."

"आत्ता? सगळ्यांसमोर? काही बिघडलेलं नाही गं."

"ओढ म्हणते ना."

त्यानं डावा हात वर केला आणि ओढला. मिल थांबली. वाजंत्री थांबली. सगळ्या माना वळल्या, दोराकडं नव्हे, साहेबाकडं. बापाक हेन्द्रात्मोंच्या कपाळावर आठी पडली. यू कार्सिनाच्या पोटात गोळा आला. तिनं एका हातानं खांब धरला, दुसऱ्या हातात माळ तशीच धरून ठेवली, आणि ती आठी जाईपर्यंत तिकडंच बघत उभी राहिली.